फिरत्या दगडावरचं जेवण

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. त्यात 'टेबल पाहावं फिरवून' एवढं घालायचं राहून गेलं. ते वेळेवर घातलं असतं तर गोषवारे वाचले असते.

गोषवारे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात होते. तिथे लोकांच्या तक्रारी येत आणि त्या वाचायला साहेबांना वेळ नसे. म्हणून लांबलचक तक्रारीचा एका ओळीत गोषवारा काढायचं काम यांच्याकडे होतं. एखाद्या आजीबाईंचं पत्र नळापासून निघून सुनेच्या वागणुकीवर, तिथून गुडघ्यांवर आणि गुडघ्यांवरून थेट सरकारवर पोचलेलं असे. गोषवारे ते एकदा वाचत, चष्मा कपाळावर ढकलत आणि लिहीत, 'पाणी नाही.' या कामात त्यांचा हात धरणारा त्या इमारतीत कोणी नव्हता. खरं आडनाव फक्त पगाराच्या दिवशी वापरात येई.

घरीही आपली ही कला उपयोगी पडते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. कारण त्यांची बायको आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, या दोघींचं वर्षभर बोलणं बंद होतं, आणि इकडचा निरोप तिकडे पोचवण्याचं काम गोषवाऱ्यांकडे होतं.

भांडण झालं ते तांदळाच्या पुडिंगवरून. बायकोने एका जेवणाला पुडिंग केलं होतं. वाढता वाढता ते संपत आलं, ताईंचा नंबर शेवटी लागला आणि त्यांच्या वाटीत पडली ती पातेल्याच्या तळाची खरवड, तीही किंचित करपलेली. ताई वाटीकडे बघून म्हणाल्या, "आमचं काय बाई, आम्ही तळातलेच." बायको म्हणाली, "असं वाटत असेल तर पुढच्या वेळी तुमच्यापासूनच सुरुवात करते." झालं. एवढीच दोन वाक्यं. बसच्या खिडकीवरून लोक याहून जास्त बोलतात आणि पुढच्या थांब्याला विसरतातही. पण बसमधली माणसं नात्यातली नसतात, हाच तर फरक आहे.

हे असंच चालू राहिलं असतं. पण ताईंच्या मुलाला दूरदेशी नोकरी लागली आणि त्याने आईवडिलांना कायमचं तिकडे बोलावून घेतलं. जायचा दिवस जवळ आला. स्वतःच्या आईवडिलांच्या मागे गोषवाऱ्यांना ही एकच बहीण. लहानपणी पाय मोडला होता तेव्हा हिने त्यांना पाठुंगळी घेऊन शाळेत नेलं होतं, आणि पोचल्यावर 'आता उतर रे मेल्या' असं म्हणून सगळ्या वर्गासमोर उतरवलं होतं. ती अशी तोंड फिरवून विमानात बसणार, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. जाण्याआधी एक जेवण व्हायलाच हवं होतं. आणि त्या जेवणात कोणी कोणाला काही वाढायला नको होतं. वाढणं आलं की आधी कोण आणि मागून कोण हे आलंच.

उपाय सापडला तो एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या जेवणात. त्या हॉटेलात टेबलाचा मधला भाग फिरत होता. भांडी आपापली समोर येत होती आणि खुद्द मोठे साहेब नि शिपाई एकाच वाडग्याची वाट बघत होते. गोषवारे घरी आले ते पेटूनच.

"आपण फिरतं टेबल करायचं," ते म्हणाले.

"अहो, भांडी मधोमध ठेवली तरी सगळ्यांचे हात पुरतील की," बायको म्हणाली.

"हात पुरण्याचा प्रश्न नाही. न्यायाचा प्रश्न आहे."

"मग न्यायालयात जेवू या," बायको म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

लाकडाचं टेबल करावं असा विचार होता. पण दगडवाल्याने मोडता घातला. कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा त्याच्याकडे पडून होता. तो म्हणाला, "साहेब, लाकूड हलकं. जरा हात लागला की थांबणार. दगड कसा, वजनदार. एकदा फिरायला लागला की कोणाला विचारणार नाही." दुकानदार माल खपवायला जे बोलतो त्यातलं फार थोडं खरं निघतं. हे मात्र अक्षरशः खरं निघालं.

दगड गोल कापून टेम्पोने घराच्या इमारतीच्या दारात आला आणि लिफ्टपाशी सोसायटीचे सेक्रेटरी उभे राहिले. हे गृहस्थ मनाने वाईट नव्हते. फक्त नियम मोडला गेला तर त्यांना शारीरिक त्रास होत असे.

"बांधकामाचं साहित्य लिफ्टने न्यायचं नाही," ते म्हणाले.

"हे साहित्य नाही. टेबल आहे."

"टेबलाला पाय असतात."

"पाय वर घरात आहेत."

"मग वर आहे ते टेबल. हा दगड."

"पाय खाली आणून जोडले तर?"

"तर फर्निचर. फर्निचरला लिफ्ट चालते."

गोषवाऱ्यांनी लोखंडी पाय खाली आणून जोडले. आता ते रीतसर फर्निचर झालं आणि लिफ्टच्या दारातून आत जाईना. पाय काढले की आत जाई, पण मग ते फर्निचर राहत नसे. गोषवारे स्वतः कचेरीतलेच असल्यामुळे त्यांना राग येण्याऐवजी या नियमाचं कौतुकच वाटलं. असा नियम त्यांच्या खात्यात असता तर एकाही नळाला पाणी आलं नसतं आणि चूक कोणाचीच नसती.

शेवटी असं ठरलं की दगड मागच्या जिन्याने न्यायचा. मागच्या जिन्याची वाट पार्किंगच्या उतारावरून जाते. टेम्पोवाल्याने दगड कडेवर उभा केला आणि म्हणाला, "गोल आहे, ढकलत न्या." गोषवाऱ्यांनी ढकलला. एवढ्याशा धक्क्याने एवढा मोठा दगड चालू लागला याचा त्यांना पहिल्या चार पावलांत फार आनंद झाला. पाचव्या पावलाला दगड त्यांच्यापुढे होता. मग तो उतार संपेपर्यंत पुढेच राहिला. सेक्रेटरींच्या स्कूटरच्या अगदी जवळून गेला, भिंतीजवळ वळला, आणि फरशीवर टाकलेलं नाणं जसं पडता पडता गोल गोल थरथरतं तसा जागच्या जागी घुमू लागला. जसजसा आडवा होत गेला तसतसा त्याचा खडखडाट भरभर आणि आणखी भरभर होत गेला. सगळी इमारत खिडक्यांत आली.

"थांबवू नका! कोणी हात लावू नका!" तळमजल्याच्या खिडकीतून बाई ओरडल्या.

या बाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सगळी इमारत त्यांना बाईच म्हणे. हात लावू नका हे त्या लोकांच्या काळजीने म्हणत आहेत असं सर्वांना वाटलं. पण दगड धाडकन निपचित पडल्यावर त्या हळहळून म्हणाल्या, "काय सुंदर वेग वाढत गेला शेवटी! उभ्या जन्मात एवढं मोठं नाणं पाहिलं नव्हतं."

दगडाच्या कडेचा एक टवका उडाला होता. सेक्रेटरींचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "लिफ्टने न्या. फक्त वर टेबलक्लॉथ घाला, म्हणजे मला तो दिसणार नाही."

टवका उडाल्यामुळे दगड पायांवर बसवून फिरवला की एका बाजूला झोके खाऊ लागला. गोषवाऱ्यांनी कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला बोलावलं. टायरवाला आत येताच म्हणाला, "गोल आहे ना? मग माझंच काम." एखादी गोष्ट गोल असली की आपल्याला तिच्यातलं सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. त्याने टवक्याच्या बाजूला, खालून, शिशाचे तुकडे चिकटवले, गाडीच्या चाकाला लावतात तसे. झोका थांबला. मग उत्साहाच्या भरात त्याने दगड आणि पाय यांच्या मधलं जुनं बेअरिंग काढून ट्रकचं बसवलं. आणि जाता जाता चारही पायांखाली चाकं लावली.

"चाकं कशाला?" बायकोने विचारलं.

"वहिनी, उद्या टेबल हलवायचं झालं तर?"

ज्या गोष्टीला उत्तर नसतं ती गोषवाऱ्यांच्या घरी मंजूर होत असे.

आता टेबल करंगळीने फिरत होतं. पण ते फिरवणार कोण, हा प्रश्न बायकोनेच काढला. "मी उजवीकडे फिरवलं की त्यांना डावीकडे हवं असणार," ती म्हणाली. गोषवारे चमकले. खरंच की. हाताने फिरवायचं तर कोणाच्या हाताने, हे भांडण पुडिंगपेक्षा मोठं झालं असतं. यंत्राला नातं नसतं. ते कोणाची भावजय नसतं आणि कोणाची नणंद नसतं. म्हणून जुन्या वॉशिंग मशीनची मोटर काढून टायरवाल्याने ती टेबलाखाली बसवली, दगडाला पट्टा लावला आणि वेग कमीजास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर जोडला.

पहिल्या चाचणीला बाईंना मुद्दाम वर बोलावलं होतं. गोषवाऱ्यांनी नारळ तेवढा फोडला नाही, बाकी सगळा थाट होता. बटण दाबलं. दगड जेमतेम हलला. पण त्याच्या खालचे पाय आपल्या चारी चाकांवर उलट्या दिशेने गरागरा फिरू लागले. मोटरची वायर पायांना गुंडाळत गेली, एक पाय कपाटाला ठोकला, दुसऱ्याने कुंडी पाडली आणि वायर ताणून प्लग निघाला तेव्हाच ते प्रकरण थांबलं.

"मोटर उलटी बसली," टायरवाला म्हणाला.

"उलटी नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "मोटर दगडाला इकडे ढकलते, म्हणजे स्वतःला तिकडे ढकलते. एकट्याने कोणाला फिरता येत नाही. एक उजवीकडे गेला की दुसरा डावीकडे जाणारच, आणि दोन्हींची बेरीज होती तेवढीच राहते. मधे बसून भांडण लावणाऱ्या माणसासारखं आहे ते. दोघांना दोन दिशांना फिरवतो आणि आपण नामानिराळा."

या दाखल्याला सगळ्यांत जास्त गोषवारे हसले.

"मग करायचं काय?" बायकोने विचारलं.

"चाकांना विटा लावा. पाय जमिनीला घट्ट राहिले की तुम्ही उलटं ढकलाल ते पृथ्वीला."

"पृथ्वीला?"

"हो. पण तिला कळायचं नाही."

"तिला नाही कळलं तरी सेक्रेटरींना कळेल," बायको म्हणाली.

विटा लावल्या. दगड संथपणे, मोठ्या घरच्या माणसासारखा फिरू लागला. गोषवारे त्याच्यासमोर खुर्ची टाकून बराच वेळ बसून राहिले. आपण आयुष्यात काहीतरी केलं, असं त्यांना वाटलं. तसं त्यांना वाटण्याचे प्रसंग फारसे आलेले नव्हते, म्हणून बायकोनेही त्यांना उठवलं नाही.

जेवणाचा दिवस उजाडला. ताई आणि दाजी आले. दाजी म्हणजे ताईंचे यजमान. स्वभावाने शांत, पण समोर हलणारी कोणतीही वस्तू दिसली की तिला बोट लावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. कोणाची बाजू न घेणारी पाहुणी म्हणून बाईंनाही बोलावलं होतं. टेबल गोल, म्हणून मानाची जागा कोणाची नाही. ताई आणि बायको अगदी समोरासमोर आल्या, ही गोषवाऱ्यांची योजना नव्हती. बाकीच्यांनी पटापट जागा धरल्या आणि त्या दोनच उरल्या.

सूप, भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, लोणचं आणि मधोमध झाकण घातलेलं एक मोठं पातेलं. त्यात पुडिंग होतं, तेच, तांदळाचं. बायकोने ते मुद्दाम केलं होतं. का केलं ते विचारायची गोषवाऱ्यांची छाती झाली नाही.

मोटर सुरू झाली. भांडी एकामागून एक समोर येऊ लागली. कोणी कोणाला वाढत नव्हतं. कोणी कोणाशी बोलतही नव्हतं, पण ते सुरुवातीला चालायचंच. गोषवाऱ्यांनी दाजींकडे असं पाहिलं की बघा, याला म्हणतात योजना.

"सूप काही थांबत नाही माझ्यापुढे," ताई गोषवाऱ्यांना म्हणाल्या. "डाव घालीपर्यंत निघून जातं. तिला सांग, आधी भरून घे म्हणावं, आमचं बघू मागाहून."

"ताई म्हणते, आधी तू," गोषवारे बायकोला म्हणाले.

"त्यांना सांगा, यंत्र सगळ्यांना सारखंच आहे. माझ्याही समोर थांबत नाही. हवं तर मी उठून त्यांना देते," बायको म्हणाली.

"ती म्हणते, सगळ्यांना सारखंच," गोषवारे ताईंना म्हणाले.

ताईंनी मान उडवली. भांडी कडेवर होती आणि दाजींचं कोपर दर फेरीला लोणच्याच्या बरणीला लागत होतं. ताईंना पसारा सहन होत नाही. त्यांनी समोर येईल ते भांडं आत सारायला सुरुवात केली. सूप आत, भात आत, बटाटे आत. टेबल जरा भरभर फिरू लागलं.

"वेग कोणी वाढवला?" गोषवाऱ्यांनी विचारलं.

"ताईंनी!" बाई आनंदाने म्हणाल्या. "वजन मधे आलं की फिरणं वाढणारच. नाचणारी मुलगी पसरलेले हात अंगाशी घेते आणि गिरकीचा वेग वाढतो, तेच हे. आणि वाढलेली शक्ती कुठून आली विचारा. ताईंच्या दंडातून. भांडं आत ढकलायला जोर लागला ना, ताई?"

"लागला खरा," ताई म्हणाल्या, जराशा अभिमानाने.

दाजींनी बटाटे परत कडेला ओढले. टेबल किंचित मंदावलं. त्यांना ही गंमत वाटली. त्यांनी भातही ओढला. ताईंनी तो पुन्हा आत ढकलला. बाई टाळ्या वाजवू लागल्या. गोषवाऱ्यांना वाटलं की आता हे आवरायला हवं. म्हणून ते खाली वाकले आणि त्यांनी रेग्युलेटर हळू या बाजूला पूर्ण फिरवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टायरवाल्याने रेग्युलेटर टेबलाखाली उलटा बसवला होता.

मोटरने जोर धरला. सूप काठाला चढलं. लोणच्याची बरणी घसरत घसरत कडेला आली आणि बाईंच्या कानाजवळून खिडकीकडे गेली.

"दगडाने बाहेर फेकली नाही हं," बाई पदर सावरत म्हणाल्या. "सरळ गेली. सोडून दिलं की वस्तू सरळच जाते."

"प्लग काढा!" बायको ओरडली. गोषवाऱ्यांनी प्लग काढला. दगडाला त्याचं काहीच वाटलं नाही. ट्रकचं बेअरिंग, गुळगुळीत दगड आणि अडवायला कोणी नाही. तो आपल्या मिळवलेल्या वेगाने फिरतच राहिला. कोशिंबीर भिंतीवर गेली. भाजीतला एक बटाटा सेक्रेटरींच्या खिडकीच्या दिशेने गेला. त्याचं पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी लेखी कळलं.

आता दाजी उठले. पुरुषाने काहीतरी करायला हवं अशी वेळ आली आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी एका हाताने दगडाची कड घट्ट पकडली. दगड थांबला नाही. त्याने दाजींना ओढलं, दाजींनी टेबलाला ओढलं, विटा निसटल्या आणि सगळं टेबल चाकांवरून भिंतीकडे निघालं. टेबल तिरकं झालं तसं मधलं पातेलं घसरलं, झाकण उडालं आणि पुडिंग जवळजवळ सगळं खुर्चीत आदळलेल्या दाजींच्या मांडीवर आलं. पातेलं ताईंनी वरच्यावर झेललं आणि मागच्या खुर्चीवर ठेवलं. दाजी खुर्चीसकट चार पावलं मागे सरले आणि तिथेच बसून राहिले.

"एका बाजूने धरू नका!" बाई गरजल्या. तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज होता. "समोरासमोरून दोघांनी धरा. सारख्या जोराने, एकाच वेळी. म्हणजे टेबल सरकणार नाही, नुसतं फिरणं थांबेल."

समोरासमोर ताई आणि बायको होत्या.

"तिला सांग, धर म्हणावं," ताई गोषवाऱ्यांना म्हणाल्या.

"त्यांना सांगा, मी तयार आहे, त्यांनी आधी धरावं," बायको म्हणाली.

गोषवाऱ्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. निरोप थोडक्यात कसा सांगावा याचा ते विचार करू लागले. तेवढ्यात टेबल आणखी सरकून कपाटाच्या काचेपाशी आलं.

"अहो, मधला माणूस नको!" बाई ओरडल्या. "वेळ नाही!"

"अगं, धर!" ताई किंचाळल्या.

"तुम्ही पण धरा ना ताई!"

"एकदम हं! एक, दोन..."

तीन कोणीच म्हटलं नाही. दोघींनी एकाच क्षणी दोन बाजूंनी तळवे दगडावर दाबले. दगड कुरकुरला, दोघींच्या बांगड्या वाजल्या, आणि तो थांबला. टेबल तसूभरही हललं नाही. दोघी आपापले लाल झालेले तळवे बघत धापा टाकत उभ्या राहिल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या एकमेकींशी बोलल्या होत्या, आणि ते दोघींच्या एकदमच लक्षात आलं.

ताईंनी काहीतरी करायचं म्हणून पातेलं उचललं आणि आत पाहिलं.

"खरवड तेवढी राहिली," त्या म्हणाल्या.

तो शब्द त्या खोलीत पडला. सगळं संपलं, असं गोषवाऱ्यांना वाटलं.

"ती मला द्या ताई," बायको म्हणाली. "कळवलं होतं ना, त्या दिवशी तळाशी खरवडच उरली होती. कमी करपलेली तुम्हाला वाढली आणि जास्त करपलेली मी घेतली. चुकलं माझं, आधी तुम्हाला वाढायला हवं होतं."

"कधी कळवलंस?"

"दुसऱ्याच दिवशी. ह्यांच्याबरोबर."

"मला निरोप आला तो असा," ताई सावकाश म्हणाल्या, "की 'उरलं होतं ते दिलं.'"

बायकोने खुर्चीची पाठ धरली. "आणि तुम्ही काय सांगून पाठवलं होतंत?"

"मी म्हटलं, माझं त्या दिवशी डोकं दुखत होतं, तोंडातून भलतंच निघून गेलं. तिला म्हणावं मनात ठेवू नकोस, सगळं विसर आणि एक दिवस राहायला ये."

"मला 'विसर म्हणाली' एवढंच कळलं. मला वाटलं, आम्हालाच विसर."

दोघींच्या माना एकाच वेगाने गोषवाऱ्यांकडे वळल्या. गोषवारे टेबलाखालची वीट सरळ करत होते. ती आधीच सरळ होती.

"सारांश तोच होता," ते म्हणाले.

यानंतर जे झालं त्याचा गोषवारा काढणं कठीण आहे. वर्षभर दोघींनी एकमेकींवर जो राग धरला होता त्यातला कणभरही वाया गेला नाही. तो सगळाच्या सगळा गोषवाऱ्यांवर आला. बाई दाजींना हळूच म्हणाल्या, "बघा, नाहीसा काही होत नाही. इकडचा तिकडे जातो, बस." दाजी मांडीवरचं पुडिंग चमच्याने खात होते. त्यांनी मान डोलावली.

मग ताई खाली फरशीवरच बसल्या. कारण खुर्च्यांवर सूप होतं. त्यांनी पातेलं मधे ठेवलं. बायको शेजारी बसली. दोघी चमच्यांनी तळ खरवडू लागल्या.

"करपलंय बरं का ताई."

"असू दे गं. हेच चांगलं लागतं," ताई म्हणाल्या आणि एकदम डोळ्यांना पदर लावला. "तिकडे कोण देणार आहे मला खरवड?"

बायकोने चमचा ठेवला आणि ताईंच्या गळ्यात पडली. गोषवारे स्टुलावर चढून भिंतीवरची कोशिंबीर पुसत होते. त्यांचेही डोळे भरून आले. पण स्टूल डगमगत होतं, म्हणून त्यांना रडायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

"मला थोडी?" त्यांनी वरूनच विचारलं.

"तू पूस," ताई म्हणाल्या.

ताई गेल्या. विमानतळावर दोघी एकमेकींना सोडेनात. गोषवाऱ्यांच्या वाट्याला पाठीवर एक थाप आली. दगड आता गॅलरीत आहे. त्याच्यावर कुंड्या ठेवल्या आहेत. सेक्रेटरींच्या मते कुंड्यांखाली असलेला दगड हे फर्निचर की बांधकाम, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.

आता रोज संध्याकाळी तिकडून फोन येतो. ताई थेट बायकोच्या फोनवर फोन करतात. बायको फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. आतून बोलण्याचा आवाज येतो, मधेच हसणं येतं, मधेच बराच वेळ काहीच येत नाही. गोषवारे बाहेर पेपर धरून बसतात. पेपरचं एकच पान त्यांनी किती दिवस वाचलं असेल, देव जाणे. बहिणीला तिकडे करमतं का, थंडी कितपत आहे, गुडघे कसे आहेत, आपली आठवण काढते का, हे सगळं त्यांना ऐकायचं असतं.

तासाभराने दार उघडतं.

"काय म्हणत होती ताई?" ते विचारतात.

"बरी आहे," बायको म्हणते.

"तासभर बोललात. एवढंच?"

"सारांश तोच," बायको म्हणते आणि कुकर लावायला जाते.